नादकाटा, भाग ६ : भुजा दोनच का?

रिने आणि वेबर यांच्या कानाच्या चाचण्या या आठवड्यात घ्यायच्या ठरल्या होत्या. त्या एक आठवडा पुढे ढकलतो, कारण हिंजवडीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न या लेखमालेच्या मुळाशी जातो. त्यांच्या कामातल्या बहुतेक सर्किट बोर्डांवर ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याच्या इवल्याशा हवाबंद डबीत क्वार्ट्झचा नादकाटाच असतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची शंका पुढची आहे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. मग जो नाद कुणी ऐकणारच नाही, त्यासाठी नादकाट्याचा आकार कशाला? क्वार्ट्झची एक सरळ पट्टी का पुरत नाही?

माझं म्हणणं असं आहे, की आवाज काढणं ही नादकाट्याची ताकद कधीच नव्हती. हवेत धरलेला काटा जेमतेम ऐकू येतो. दोन्ही भुजा बाहेर जातात तेव्हा बाहेरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मधली हवा विरळ होते. हे दोन परिणाम थोड्या अंतरावर एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. वाजवलेला काटा कानाजवळ स्वतःभोवती सावकाश फिरवला, तर एका फेरीत आवाज चार वेळा मोठा आणि चार वेळा बारीक होतो, तो याच कारणाने. काट्याची खरी ताकद आहे ती मिळालेली ऊर्जा जपून ठेवण्यात, आणि ती येते दोन भुजांच्या विरुद्ध हालचालीतून. एकच पट्टी शेगड्यात आवळून छेडली, तर ती प्रत्येक झोक्याला शेगड्याला ढकलते. शेगडा हलतो, मेज हलतं, आणि पट्टीची कंपनं भराभर मरतात. काट्यात एक भुजा डावीकडे जाते तेव्हा दुसरी तितकीच उजवीकडे जाते. फुगडी घालणाऱ्या दोघींची ओढ जशी एकमेकींच्या हातातच तोलली जाते, तशी भुजांची ओढ जोडापाशी मिटते आणि दांड्याला आडवा धक्का बसत नाही. म्हणूनच दांडा बोटांत धरला तरी काटा वाजत राहतो. एका भुजेच्या टोकाला मेणाची गोळी चिकटवून पाहा: वारंवारिता उतरते हे तर खरंच, पण तोल बिघडल्यामुळे नाद लवकर विरतोही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. दांडा स्थिर असेल, तर तो मेजावर टेकवताच मेज कसं गाऊ लागतं? उत्तर असं, की आडवा धक्का मिटतो, पण दांड्याच्या लांबीच्या दिशेने एक सूक्ष्म हालचाल उरते. भुजा बाहेर वाकल्या की जोडाचा वळणदार भाग किंचित एकीकडे सरकतो, आत वाकल्या की दुसरीकडे. शिवाय भुजा कोणत्याही बाजूला वाकली तरी तिचं टोक थोडं खालीच येतं, म्हणजे एका कंपनात दोनदा. त्यामुळे काटा जोरात वाजवून टेकवला, तर मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर मिसळलेला सापडतो. ही गळती अगदी थोडी असते, पण मेजाचा पृष्ठभाग मोठा असल्याने ती सहज ऐकू येते. आणि ती गळतीच आहे याचा पुरावाही तिथेच मिळतो: मेजावर टेकवलेला काटा मोठ्याने वाजतो, पण हातात धरलेल्या काट्यापेक्षा लवकर शांत होतो. आवाज हवा असेल, तर ऊर्जा खर्च करावी लागते.

आता क्वार्ट्झ. सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आणलेल्या ॲस्ट्रॉन या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळातला काटा सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावत असे. पुढे ३२,७६८ हा आकडा रुळला. तो म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की नेमका सेकंदाला एक ठोका मिळतो. याहून कमी वारंवारितेसाठी काटा मोठा करावा लागतो, याहून जास्त घेतली तर बॅटरी जास्त खर्ची पडते. इथे दुसरा आक्षेप असा निघू शकतो, की घड्याळ अचूक चालतं ते क्वार्ट्झच्या गुणामुळे, आकाराला श्रेय कशाला? पदार्थाचं श्रेय मोठं आहे यात वाद नाही. पोलादी काट्याची वारंवारिता दर अंशाला सुमारे ०.०१ टक्का उतरते. पारा २० अंशांनी चढला, तर त्यावर चालणारं घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल. क्वार्ट्झचा काटा २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो आणि तिथून दोन्हीकडे, फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, दशलक्षात ०.०३४ (पीपीएम) इतका मंदावतो. ४५ अंशांना हा तोटा साधारण १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली ६५ अंश धरले, तर ५४ पीपीएम, म्हणजे दिवसाला पावणेपाच सेकंदांचा तोटा. पण एवढा चोख हिशोब मांडता येतो तो आकारामुळे. तीच क्वार्ट्झची एकच पट्टी एका टोकाशी धरून बसवली असती, तर प्रत्येक आधाराने तिच्यातली थोडी ऊर्जा खाल्ली असती आणि वारंवारिताही थोडी हलवली असती. काटा कसा बसवला आहे याची पर्वा करत नाही, म्हणून तो लाखोंच्या संख्येने यंत्रांनी चिकटवता येतो.

हाच गुण चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या कामी येतो. गाडी घसरू लागली की तिला सावरणाऱ्या यंत्रणेला, गाडी किती वेगाने वळते आहे हे कळावं लागतं. त्यासाठीच्या जायरोस्कोपच्या अनेक रचना काट्याच्या तत्त्वावर आहेत. कंप पावणारा काटा फिरवला की कोरिऑलिस बलामुळे त्याच्या भुजा मूळ हालचालीला काटकोनात, आणि एकमेकींच्या विरुद्ध, सरकतात. खड्ड्याचा धक्का किंवा इंजिनाची थरथर मात्र दोन्ही भुजांना एकाच बाजूला ढकलते. दोन्हींतला फरक मोजला की धक्का वजा होतो आणि वळण तेवढं उरतं. टाकीत किंवा सायलोत बसवलेला पातळीदर्शक काटाही असाच: द्रव भुजांपर्यंत चढला की वारंवारिता उतरते, आणि भुकटी चढली की कंपनं दबतात. भुजांचा धक्का टाकीच्या भिंतीपर्यंत जात नाही, त्यामुळे भिंत जाड आहे की पातळ याने उत्तर बदलत नाही.

दोन भुजांवाचून चालतच नाही, असा माझा दावा नाही. मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये साधी चकती असते. तिचं कंपन मध्यभागीच कोंडून ठेवता येतं, म्हणून कडा धरल्या तरी बिघडत नाही. पण तिथेही प्रश्न तोच सोडवलेला आहे, की आधाराला ऊर्जा मिळू द्यायची नाही. चकतीने किलोहर्ट्झमध्ये उतरायचं तर ती घड्याळात मावणार नाही इतकी मोठी व्हावी लागते. लहान आकार, कमी वारंवारिता आणि आधारापासून सुटका या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर काटाच सोयीचा पडतो. १७११ च्या सुमारास जॉन शोअरने तो वाद्यं लावण्यासाठी घडवला. त्याला हवा असलेला न ढळणारा स्वर आणि हिंजवडीच्या अभियंत्याला हवा असलेला न ढळणारा सेकंद यांची मागणी एकच आहे. पुढच्या आठवड्यात ५१२ हर्ट्झचा काटा थेट कानामागच्या हाडावर टेकवू; दांड्याची ती थोडीशी गळती वैद्यांच्या किती उपयोगी पडते, ते तेव्हा पाहू.