एग्मोरची धूळपाटी, हिचिनचा वर्ग

मद्रासच्या एग्मोर गढीत अठराव्या शतकाच्या अखेरीस अनाथ मुलग्यांची एक शाळा होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय सैनिकांना इथल्या स्त्रियांपासून झालेली मुले तिथे राहत आणि शिकत. १७८९ मध्ये शाळेचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला.

एका देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना बेलने पाहिली. महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर हेच चाले. कागद नको, शाई नको. चुकले तर हात फिरवून पुन्हा लिहायचे. बेलने हीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले, पण खालच्या वर्गाचा शिक्षक तयार होईना. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यालाच अक्षरे शिकवायला बसवले. प्रयोग इतका साधला की पुढे शाळेतली बरीचशी शिकवणी मुलांच्याच हाती आली. मोठ्या मुलांनी धाकट्यांचे धडे घेणे देशी शाळांनाही नवे नव्हते. त्यामुळे या पद्धतीचे सगळे श्रेय एकट्या बेलला देणे योग्य नाही.

इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये बेलने या प्रयोगावर पुस्तिका काढली आणि ‘मद्रास पद्धत’ हे नाव तिकडे रुळले. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यानेही तशीच पद्धत चालवली. दोघांच्या अनुयायांत श्रेयावरून मोठा वाद झाला. गरिबांच्या शाळा मात्र दोन्ही बाजूंनी वाढत गेल्या. एका शिक्षकावर शेकडो मुले सांभाळता येत, म्हणजे खर्च कमी. पाठांतरापलीकडचे शिक्षण त्यातून फारसे मिळत नसे, ही या पद्धतीची खरी उणीव. पुढे मुंबई इलाख्यातल्या नव्या मराठी शाळांसाठीही लँकेस्टरचीच पद्धत स्वीकारली गेली.

त्या काळचा एक वर्ग लंडनच्या उत्तरेला, हिचिन गावी ‘ब्रिटिश स्कूल्स म्युझियम’मध्ये जपलेला आहे. विल्यम विल्शिअर या वकिलाने १८१० मध्ये इथे शाळा काढली. १८३७ साली तीनशे मुलग्यांसाठी बांधलेले लँकेस्टर पद्धतीचे दालन आजही उभे आहे. या प्रकारचे पूर्ण शिल्लक राहिलेले जगात दुसरे माहीत नाही. मधोमध लांब बाकांच्या रांगा, समोर शिक्षकाचा चौथरा आणि भिंतीलगत गटागटाने उभे राहून धडा म्हणण्याच्या जागा. शेजारी १८५३ चा पायऱ्यापायऱ्यांचा वर्गही आहे. शाळा १९६९ मध्ये बंद झाली, पण गावकऱ्यांनी इमारती वाचवल्या. स्वयंसेवकांच्या बळावर हे संग्रहालय चालते. शाळांच्या सहली आल्या की मुले जुन्या काळचे कपडे घालून पाटी-लेखणी घेऊन बसतात आणि व्हिक्टोरियन काळातल्या शिस्तीचा धडा अनुभवतात. सुट्टीच्या दिवसांत कुटुंबांसाठीही उपक्रम होतात.

मूळ जागेचे नशीब निराळे. एग्मोर गढीची जागा रेल्वेने घेतली आणि १९०८ मध्ये तिथे आजचे एग्मोर स्थानक सुरू झाले. अनाथ मुलांची शाळा त्याआधीच, १८७२ मध्ये, १७१५ साली मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चने काढलेल्या शाळेत विलीन झाली होती. सेंट जॉर्ज या नावाने ती पूनामल्ली हायरोडवर आजही भरते.

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांनी एक दिवस हिचिनसाठी राखावा. किंग्ज क्रॉसहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपासचा रस्ता आहे. आणि चेन्नईने एग्मोरला वाळूवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलांची एक खोली उभारावी. हा मान त्या शहराचाच आहे.