अँटेनाला ताप येतो का? नॉइज टेम्परेचर सोप्या भाषेत



नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. वर्गात तिची माहिती सांगताना 'नॉइज टेम्परेचर' हा शब्द आला आणि एका मुलाने विचारलं, "सर, अँटेनाला ताप येतो का?" सगळे हसले. पण नीट उत्तर मलाही लगेच देता आलं नाही. म्हणून हा लेख.

हे तापमान कशाचं?
कोणत्याही रोधकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात. त्यातून क्षीण विद्युत गोंगाट तयार होतो. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवलं की केल्विनमधलं तापमान दुप्पट झालं की गोंगाटाची शक्तीही दुप्पट होते. म्हणून अभियंते गोंगाट थेट केल्विनमध्ये मोजतात. अॅम्प्लिफायरचं नॉइज टेम्परेचर ४० केल्विन असेल, तर तो थंडगार असतो असं नाही. तो खोलीच्या तापमानालाच, म्हणजे साधारण ३०० केल्विनला असू शकतो. फक्त ४० केल्विनचा रोधक जेवढा गोंगाट करेल, तेवढीच भर तो घालतो. थोडक्यात, ताप नाही, गोंगाटाचं माप!

अनेक अँटेना एकत्र
फेज्ड अॅरेमध्ये अनेक अँटेनांचे संकेत एका ठेक्यात आणून त्यांची बेरीज करतात. चार मुलांनी एकदम टाळी वाजवली तर आवाज मोठा येतो. आपापल्या मनाने वाजवली तर नुसता गलका होतो. तसंच इथे. चार संकेत जुळले की व्होल्टेज ४ पट, म्हणून शक्ती १६ पट. प्रत्येक अॅम्प्लिफायरचा गोंगाट मात्र स्वतंत्र, त्यामुळे तो ४ पटच वाढतो. म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत संकेत ४ पट ठळक झाला.

खरी अडचण
अॅम्प्लिफायरचा थोडा गोंगाट उलटा फिरून अँटेनातून बाहेर पडतो. शेजारची अँटेना अगदी जवळ असेल तर तो तिच्यात शिरतो. आता दोघींचा गोंगाट स्वतंत्र राहिला नाही! बेरजेत तो कधी वाढतो, कधी कमी होतो. कोणत्या दिशेला 'बघायचं' त्यानुसार ठेका बदलतो, म्हणून नॉइज टेम्परेचरही दिशेनुसार बदलतं.

जीएमआरटीच्या अँटेना एकमेकींपासून लांब आहेत, तिथे ही गळती नगण्य. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अॅस्कॅप दुर्बिणीत १२ मीटरच्या ३६ अँटेना आहेत आणि प्रत्येकीच्या नाभीपाशी १८८ छोटे ग्राहक बुद्धिबळाच्या पटासारखे खेटून बसवलेत. तिथे एकटा अॅम्प्लिफायर चांगला असून भागत नाही, शेजाऱ्यांसकट सगळ्याची रचना करावी लागते. कारण दूरच्या दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण असतो, की सुरुवातीलाच मिसळलेला गोंगाट नंतर कितीही आवाज वाढवला तरी वेगळा करता येत नाही. संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो.

टाळ्यांचा प्रयोग वर्गात किंवा घरी नक्की करून बघा. एका मुलाला डोळे मिटून दूर उभं करा आणि कोणत्या टाळ्या ओळखू आल्या ते त्यालाच सांगू द्या.