वाट चुकलेला करंट

फियाटवर लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काळी-पिवळी टॅक्सी होती. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही, आणि त्या निमित्ताने हळहळ भरपूर छापून आली. इतिहासही बहुतेकांच्या तोंडी आहे. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’, 1964 ची अकराशे डिलाइट, 1974 पासून पद्मिनी हे नाव. मी त्याच कुर्ल्यात एका वायरिंगवाल्या मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो आणि तिथेच अडकलो.

समोर 1978 सालची पद्मिनी उभी होती. रंग नवा, क्रोम लखलखीत, सीटवर नवं रेक्झिन. तक्रार मात्र विचित्र. बाकी सगळे दिवे बंद असताना डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा आणि नंबर प्लेटचा दिवा त्याच तालावर मिणमिणायचे. मालकांनी आधी दुसरीकडे बल्ब बदलून घेतले, मग फ्लॅशर, मग स्टिअरिंगखालचा स्विच. तिन्हींचे पैसे गेले, दोष होता तिथेच होता.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. मालकांना गाडीत बसवलं आणि स्वतः मागे उकिडवे बसले. “काका, फक्त डावा लावा. आता उजवा. आता ब्रेक. आता मोठे दिवे लावून परत डावा.” प्रत्येक वेळी काय पेटलं, काय मंद झालं, हे त्यांनी वहीत लिहिलं. सगळं झाल्यावर म्हणाले, “स्विच चांगला आहे. करंट जातोय बरोबर, परत येताना वाट चुकतोय.”

हे वाक्य मला नीट समजून घ्यावंसं वाटलं, कारण जुन्या गाडीच्या निम्म्याअधिक दोषांचं मूळ त्यात आहे. घरात दिव्याकडे दोन वायरी जातात. गाडीत एकच जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते आणि प्रत्येक दिवा आपापल्या जागी बॉडीला टेकतो. याला गॅरेजात ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. मागच्या दिव्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल अशा सगळ्या बल्बांची अर्थ एका धातूच्या पट्टीतून, दिवा धरून ठेवणाऱ्या स्क्रूवाटे पत्र्यात उतरते. त्या स्क्रूखाली गंज धरला किंवा कुणी हौसेने रंगाचा थर दिला, की वाट बंद. मग 21 वॅटच्या इंडिकेटरमधून आलेला करंट शेजारच्या 5 वॅटच्या टेल फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने नंबर प्लेटच्या आणि उजवीकडच्या दिव्यापर्यंत जातो, आणि तिथली अर्थ चांगली असल्यामुळे तिथे बॉडीत उतरतो. वाटेतले सगळे दिवे मिणमिणतात. एकही वस्तू बिघडलेली नसते. म्हणूनच वस्तू बदलून हा दोष कधीच जात नाही.

मिस्त्रींनी मग मीटर काढला. एक टोक लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या पट्टीला. इंडिकेटर चालू असताना इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. काटा चार व्होल्टच्या वर जाऊन परत येत होता. स्क्रू काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, ग्रीसचं बोट फिरवलं, स्क्रू आवळला. मिणमिण थांबली.

मला खिळवून ठेवलं ते त्यांच्या क्रमाने. दोष सिद्ध झाल्याशिवाय हा माणूस काहीही सोडवत नाही. सोडवताना दुसरं काही हलतं आणि दोष तात्पुरता लपतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भरवसा ओहम मोजण्यावरही नाही, आणि तो नसणं हिशोबाला धरून आहे. वायरीच्या दहा-बारा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर ‘जोड ठीक’ सांगतो, कारण मोजताना त्यातून जेमतेम करंट जातो. तीच वायर हेडलाइटला लावून बघा. 45 वॅटच्या बल्बचा रोध साधारण 3.2 ओहम. वाटेत कुठे गंजलेल्या जोडाचा अर्धा ओहम वाढला, तर बारा व्होल्टपैकी बल्बला साडेदहाच्या आतच मिळतात. व्होल्ट तेरा-चौदा टक्के घटले तर उजेड तेवढाच घटेल असं वाटतं, पण फिलामेंटचा उजेड त्याहून फार वेगाने पडतो. इथे तो जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो. ‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असतात’ असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. त्या दिव्यांना कित्येक वर्षांत पुरते व्होल्ट मिळालेले नसतात.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याबद्दलही ते असंच तपशिलात बोलतात. डायनामो असलेल्या गाडीत तो दिवा एका बाजूने बॅटरीला आणि दुसऱ्या बाजूने डायनामोला जोडलेला असतो. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की तो विझतो. धावत्या गाडीत तो पुसट पेटत राहिला, तर पहिला संशय डायनामो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटच्या काळवंडलेल्या पॉइंटांवर. सिग्नलला इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळी संध्याकाळी दिवे आणि वायपर चालू ठेवून रांगेत उभी असलेली टॅक्सी बॅटरीच खात असे. म्हणून कित्येकांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. मिस्त्रींना त्याचा राग नाही. राग आहे तो बसवताना जुन्या वायरी कापून लोंबत्या सोडल्याचा.

इथून पुढे त्यांच्या बोलण्यात अडचणीच अडचणी होत्या. कारखान्यातून निघालेल्या हार्नेसमध्ये प्रत्येक कामाच्या वायरीला ठरलेला रंग असे. चाळीस-पन्नास वर्षांत ज्याने त्याने हाताशी असेल ती वायर जोडली. टेप रेकॉर्डरसाठी एक फाटा, फॉग लॅम्पसाठी दुसरा, मग रिव्हर्सचा हॉर्न. साधा पीळ देऊन वर चिकटपट्टी. बोनेटखालच्या उष्णतेने जुनं प्लॅस्टिक कडक होतं, वाकवलं की तडकतं, आणि आतली तांब्याची तार दमट हवेत हिरवी-काळी पडलेली सापडते. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामो आणि इग्निशनच्या वायरींना फ्यूजच नाही. जिथे फ्यूज आहे तिथे तो उडू नये म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली त्यांनी स्वतः काढली आहे. अशा गाडीला आग लागली तर दोष कुणाचा, असं त्यांनी मला विचारलं.

संपूर्ण नवा हार्नेस हाताने बांधायचा तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, कित्येक दिवस जातात, आणि काम पूर्ण झाल्यावर दाखवण्यासारखं काही नसतं. रंगाला, क्रोमला मालक हवा तेवढा खर्च करतात. विंटेज रॅलीत वायरिंगकडे कोण बघतो? गॅरेजातला पोऱ्या हुशार आहे, पण त्याचा ओढा स्कॅनरकडे. नव्या गाडीत स्कॅनर खोचला की दोषाचा क्रमांक समोर येतो. पद्मिनीत तो खोचायला जागाच नाही. या पोराने हे शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याने का शिकावं याचं पोटापाण्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच पद्मिनीची दुसरी तक्रार अजून उभी आहे. तासभर चालली की इंजिन अचानक बंद, दहा मिनिटांनी परत चालू. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधली आतून तुटलेली लवचीक वायर, इग्निशन स्विच, कुणीही असू शकतं. कंडेन्सर बदलून बघू, असं मालक म्हणाले. मिस्त्री नको म्हणाले; नव्या कंडेन्सरचा दर्जा असा की एका दोषाचे दोन व्हायचे. गाडी बंद पडायचं नाव घेईना, आणि गॅरेजात उभ्या गाडीत हा दोष दिसणारही नव्हता. मग त्यांनी कॉइलच्या प्लसवरून एक वायर काढली, एका छोट्या बल्बला जोडली आणि तो बल्ब काचेपाशी चिकटवला.

“गाडी बंद पडली की चावीला हात लावू नका,” त्यांनी काकांना दोनदा बजावलं. “आधी हा दिवा बघा. पेटलेला असेल तर कॉइलपासून पुढे शोधायचं, विझलेला असेल तर स्विचपासून कॉइलपर्यंत. दिवा बघा आणि मला फोन करा.”

काका गाडी घेऊन ठाण्याकडे गेले. अजून फोन आलेला नाही.