टेप एकाच्या हाती, कात्री दुसऱ्याच्या

हाँगकाँगच्या नेथन रोडवरून चालायला लागलं की चार पावलांत कुणीतरी आडवं येतंच. "सर, सूट? शर्ट? चोवीस तासांत देतो!" हाक मारणारा बहुधा आपल्याच उपखंडातला असतो. कापडाच्या व्यवसायामुळे या रस्त्यामागच्या शिवणखोल्यांत माझं जाणं-येणं असतं. दुकानात माप घेणारा एक आणि वरच्या मजल्यावर कापड बेतणारा दुसरा, असा इथला सर्रास मामला. शर्ट चांगला हवा असेल तर गाठ बेतणाऱ्याशी घालून घ्यावी.

ही चोवीस तासांची घाई आली कुठून, ते या रस्त्यानेच सांगावं. आज जिथे कौलून पार्क आहे तिथे पूर्वी ब्रिटिशांची व्हिटफील्ड बॅरेक्स ही छावणी होती. रस्त्याच्या पलीकडे बर्लिंग्टन आर्केडमध्ये मेलवानी या सिंधी कुटुंबाचं 'सॅम्स टेलर' १९५७ पासून आहे. त्यांचं सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे या छावणीतले सैनिकच. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक जेमतेम काही दिवसांच्या रजेवर इथे येऊ लागले. रजा संपायच्या आत कपडे अंगावर हवेत, ही त्यांची अट!

कसब मात्र मोठ्या प्रमाणावर आलं शांघायहून. १९४९च्या सत्तांतराच्या सुमारास तिथले कितीतरी कारागीर हाँगकाँगला आले. त्यांतलेच एक अ‍ॅस्कॉट चँग. दारोदार फिरून त्यांनी शर्टांच्या ऑर्डरी घेतल्या आणि १९५३ मध्ये किम्बर्ली रोडवर दुकान थाटलं. इंचाला २२ टाके ही त्यांच्या शर्टांची ख्याती. टाके इतके बारीक घालायचे तर मशीन सावकाश चालवावं लागतं, म्हणूनच घाईच्या शर्टात ते सापडत नाहीत.

माझ्या ओळखीचे एक वयस्क मास्तर गिऱ्हाईक आल्या आल्या टेप काढत नाहीत. आधी चहा, मग गप्पा. टेप दिसली की माणूस छाती फुगवतो, पोट आत घेतो आणि माप चुकतं, हा त्यांचा अनुभव. गप्पा मारताना त्यांची नजर खांद्यांवर असते. उजवा खांदा जरा उतरता दिसला की वहीत नोंद होते. घड्याळाच्या हाताचा कफ पाव इंच सैल धरतात. बसल्यावर पोटाशी शर्ट ताणतो का, हे बघायला खुर्चीत बसवून पुन्हा माप घेतात.

माझ्या एका सहकाऱ्याने रस्त्यावरच्या दुकानातून एकदम सहा शर्ट शिवून घेतले. पहिल्या धुण्यातच ते आटले, कॉलर गळ्याला काचू लागली. मास्तरांनी त्यातल्या एकाची शिवण उसवून दाखवली. आत माया जवळपास नव्हतीच, त्यामुळे सैल करायची सोयच उरली नव्हती. कॉलरचं चिकटवलेलं बक्रम सुटून वर फुगे आले होते. मास्तर स्वतः बक्रम शिवून बसवतात आणि सुती कापड धुऊन, आटवून मगच बेतायला घेतात. आणि सहा शर्ट एकदम शिवून घेण्याचं म्हणाल, तर लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरचं १८८५ पासूनचं टर्नबुल अँड ॲसर हे शर्टांचं दुकानही आधी एकच नमुन्याचा शर्ट देतं. तो गिऱ्हाइकाने वापरायचा, धुवायचा. फिटिंग मनासारखं झालं की मग बाकीचे शर्ट.

तेव्हा दुकानात शिरल्यावर कापडाच्या ठाणांकडे वळण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. कापड कोण बेततं? आधी एकच शर्ट शिवून द्याल का? आत माया किती ठेवता? माझ्या मापाचा कागदी पॅटर्न जपून ठेवाल का? हा पॅटर्न एकदा जमला की पुढची ऑर्डर पुण्यात बसूनही देता येते. प्रश्न ऐकून मालकाने आतल्या मास्तरांना बाहेर बोलावलं, तर बिनधास्त कापड निवडा. नुसताच चोवीस तासांचा वायदा मिळाला, तर पुढचं दुकान बघा.