अंतर नव्हे, थांबे जिवावर येतात

ऑक्टोबर उजाडला की उजनीच्या काठावर, नांदूर मध्यमेश्वरला, ठाण्याच्या खाडीत उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. ‘एवढं उडायचं म्हणजे निम्मे वाटेतच दमून मरत असतील,’ असं तेव्हा हमखास ऐकू येतं. पण हे पक्षी निघण्याआधी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवतात, आणि त्या शिदोरीवर ते काय करू शकतात ते थक्क करणारं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक ‘बार-टेल्ड गॉडविट’ अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता 11 दिवसांनी टास्मानियाला पोचलं. अंगावरच्या ट्रान्समीटरने 13,560 किलोमीटरची नोंद केली. वादळवाऱ्यात पक्षी मरतात, हे खरंच. पण माणसाला टाळता येण्याजोगे बरेच मृत्यू होतात ते पक्षी जिथे उतरतात तिथे.

नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवराच्या काठी थापट्यांसारखी बदकं, चिखले आणि इतर मिळून 18 हजारांहून अधिक पक्षी मेले. कुणी म्हणालं बर्ड फ्लू, कुणी म्हणालं पाण्यात विष कालवलं. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं बॉट्युलिझम. प्राणवायू नसलेल्या चिखलात, कुजणाऱ्या देहांत एक जिवाणू वाढतो आणि त्याचं विष स्नायू लुळे करतं. पंख हलत नाहीत, मान तोलता येत नाही. वीतभर पाण्यातही पक्षी बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांमध्ये ते विष साठतं, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही जातो. म्हणूनच ‘मेलेले पक्षी पडू द्या, निसर्ग आपोआप साफ करील’ हा समज इथे थेट घातक ठरतो. साथ रोखायची तर मृत पक्षी शक्य तितक्या लवकर गोळा करून पुरावे किंवा जाळावे लागतात.

शहरातला धोका वेगळा. पक्षी काचेवर आपटतात ते गगनचुंबी मनोऱ्यांवर, असं बहुतेकांना वाटतं. अमेरिकेत इमारतींना धडकून वर्षाला साधारण 36 ते 99 कोटी पक्षी मरत असावेत, असा 2014 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात उंच मनोऱ्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. बाकी सगळे बळी घरांचे आणि बैठ्या-मध्यम इमारतींचे. ऑक्टोबर 2023 मध्ये शिकागोत तळ्याकाठच्या एका प्रदर्शन केंद्रावर आदळून एका रात्रीत सुमारे हजार पक्षी मेले. ती इमारतही काही मनोरा नव्हे. लहान गाणारे पक्षी रात्री प्रवास करतात, दिव्यांच्या झगमगाटाकडे ओढले जातात आणि पहाटे खाली उतरताना काचेत दिसणाऱ्या झाडाला खरं झाड समजतात. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम घसरलं. ठिपके मात्र दाट हवेत, दोन ठिपक्यांत साधारण पाच सेंटिमीटरच अंतर. खिडकीवर ससाण्याचं एकच स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूच्या काचेवर आपटतो. आणि ‘धडकला, पण उडाला, म्हणजे वाचला’ हेही खरं नाही. आतल्या रक्तस्रावाने तो काही तासांनी मरू शकतो. असा पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना बोलवा.

शिकारीबद्दलचा समज असा की गावकरी कधीच ऐकत नाहीत. नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी 2012 च्या ऑक्टोबरात जाळी लावून हजारो अमूर ससाणे पकडले जात होते. 2013 मध्ये पांगतीसारख्या गावांनी ही शिकार बंद केली आणि तेच लोक राखणदार झाले. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे ससाणे पुढे भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या डोंगरांवर ते दिसतात. त्यांना वाचवण्यात त्या गावांचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो.

आपल्याकडचा समज उजनी धरणाकाठच्या भिगवणला दिसतो. धरण तुडुंब भरलं की पक्ष्यांची चंगळ, असं म्हणतात. पण चिखले, तुताऱ्या, रोहित यांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. उजनीचं पाणी ओसरू लागतं तेव्हाच त्यांचं ताट वाढलं जातं. त्या ताटावरून फोटोसाठी त्यांना पुन्हापुन्हा उठवणं, ‘पक्षीच ते, उडणारच’ म्हणत नाव थव्यात घालणं, म्हणजे प्रवासात झिजलेलं शरीर भरून येऊच न देणं. होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगावं, थवा उठवायचा नाही, जादा पैसेही त्यासाठी देणार नाही. रोहितांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या आणि सगळे एका दिशेला चालू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत. होडी तिथेच थांबवून मागे घ्यायची.