विश्लेषण : मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी का?

हिंदी महासागरातील या बेटावर मुळात कायमची वस्तीच नव्हती. येथील समाज स्थलांतरातूनच घडला.

भारतीय तेथे का गेले?

ब्रिटिश सत्तेने १८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी संपवली. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासूनच भारतीयांना करारावर नेणे सुरू झाले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ आणि त्यावरून ‘गिरमिटिया’ हे शब्द रुळले. सुमारे साडेचार लाख भारतीय पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेश भागातले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

काय टिकले, काय हरवले?

मळ्यांवर भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी बोलणारे आणि मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज शेजारी आले. त्यांना जोडणारी भाषा ठरली फ्रेंचमधून घडलेली क्रिओल. आज बहुसंख्य घरांत तीच बोलली जाते. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून उरली. गणपती मात्र घरोघरी आणि सार्वजनिक जीवनातही टिकला.

याचा अर्थ काय?

भाषेला रोज बोलणारा माणूस लागतो, सणाला वर्षातून एकदा जमणारा समाज पुरतो. म्हणूनच सणाला सुटी मिळाली, तरी भाषा वाचेलच असे नाही. परदेशस्थ मराठी कुटुंबांपुढे आजही हाच प्रश्न आहे.