सागवानी चौकटी राखून स्वयंपाकघराचे नूतनीकरण

मुंबईतील दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की दाराखिडक्यांच्या सागवानी चौकटींचा प्रश्न उभा राहतो. कडाप्प्याचा ओटा बदलता येतो. तसे जुने सागवान मात्र आज सहज मिळत नाही. चौकटी राखणेच शहाणपणाचे.

नव्या कपाटांना ‘सागवानी’ सनमायका लावून मेळ साधण्याचा मोह मात्र टाळावा. पॉलिशसाठी घासलेले लाकूड आधी उजळ दिसते, पुढे उजेडाने व हवेने त्याचा रंग बदलत जातो. छापील सनमायका तशी बदलत नाही. त्यामुळे आज जुळलेली छटा काही वर्षांत विजोड वाटू लागते. त्यापेक्षा कपाटांना सायीसारखा पांढरा रंग शोभतो. निळसर पांढऱ्याशेजारी तेच लाकूड अधिक तांबूस भासते. नमुना चौकटीला टेकवून, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यातही पाहावा.

लाखेचे पॉलिश उष्णता व पाणी सहन करीत नाही, म्हणून ओट्यालगत पॉलियुरेथेन पॉलिश बरे.

चौकटीवर जुना तैलरंग असल्यास अधिक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक ठरते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा. धान्याचे डबे आधीच हलवावेत आणि मुलांना काम संपून लादी ओल्या फडक्याने पुसेपर्यंत दूर ठेवावे.